न ऐकलेला आवाज

चंद्रव्वा सोलापूरच्या बाळीवेशीतल्या रेडिओच्या दुकानात पहिल्यांदा आली ती ट्रान्झिस्टरचे सेल घ्यायला. एकाहत्तरचा डिसेंबर होता. लढाई पेटली होती आणि होटगीच्या या विधवा बाईचा एकुलता एक लेक, शिवशरण, सीमेवर पलटणीत वायरलेस सांभाळत होता. बातम्या ऐकायच्या म्हणून ती पॅसेंजरनं सोलापूरला आली होती. सेल घेऊन मुकाट्यानं गेली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण दुकानदार रेवणप्पाची जीभ गप्प बसली नाही.

"बातम्यांत काय ठेवलंय, चंद्रव्वा?" तो म्हणाला. "रेडिओवाले सांगायच्या आधी मला कळतंय."

अगदीच थाप नव्हती ती. दुकानामागच्या खोलीत, पोत्याखाली झाकून, त्यानं एक रिसीव्हर ठेवला होता. मागच्या महायुद्धानंतर लष्करानं भंगारात काढलेला, काळ्या लोखंडाचा, दोघांना उचलावा लागेल एवढा जड. दिवसा लोकांचे रेडिओ दुरुस्त करायचे आणि दिवेलागणीला त्या खोलीत बसून लष्कराचे आवाज हुडकायचे, हा त्याचा नाद. असं ऐकणं कायद्यात बसत नाही हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तर त्यात गोडी होती. गाणी आणि बातम्या यांच्या मधल्या ओसाड जागेत काटा हळूहळू सरकवला की खरखरीतून तुटक हिंदी कानी पडायचं. कुणी खरं नाव घ्यायचं नाही. वाक्य संपलं की 'ओव्हर'. ही पुढं सरकणारी तुकडी, हा रसदीच्या गाड्यांचा तांडा, हा विमानतळ... शब्द कळले नाहीत तरी बोलण्याच्या ढंगावरून रेवणप्पा ओळखायचा आणि सकाळी चौकात मिशीवरून हात फिरवत सांगायचा. माणसं तोंडाकडं बघत राहायची.

चंद्रव्वा उंबऱ्यातच थबकली. "अण्णा, माझा शिवू ऐकू येईल का हो त्येच्यात?"

नाही म्हणायला हवं होतं. एवढ्या कालव्यात एक पोरगा कुठून सापडायचा? पण बाईनं हात जोडले होते आणि दुकानात गिऱ्हाइकं कान देऊन उभी होती.

"बघतो की," रेवणप्पा म्हणाला.

त्यानं खरंच शोधलं. डोकं ठणकेपर्यंत शोधलं. काही हाती लागलं नाही. पुढच्या बाजाराला चंद्रव्वा पुन्हा आली, फडक्यात कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी बांधून. तिचा तो आशाळभूत चेहरा बघितला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "ऐकला की तुझा लेक! आई, मी बरा हाय, म्हनत होता."

बाई तिथंच खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. तिनं आणलेली भाकरी रेवणप्पानं त्या दुपारी खाल्ली.  सगळी खाल्ली.

खोट्याला एकदा पाय फुटले की ते थांबत नाही. दर बाजाराला ती यायची आणि दर बाजाराला त्याला काहीतरी रचावं लागायचं. खोकला झाला होता, गेला. जेवण वेळेवर मिळतंय. लढाई थांबली, पण पोराचं पत्र काही येईना. मग रेवणप्पानं शेवटची थाप मारली, "सिद्धेश्वराच्या जत्रेला येतो म्हनाला." चंद्रव्वानं घर सारवायला काढलं, असं त्याच्या कानावर आलं. त्या दिवशी त्याला स्वतःच्या बायकोकडंही मान वर करून बघवलं नाही.

जत्रा तोंडावर आली आणि एका संध्याकाळी चंद्रव्वाचा भाऊ गुरप्पा दुकानात आला. मागं चंद्रव्वा होती, ताठ, कोरड्या डोळ्यांची.

"तार आली," गुरप्पा हळू आवाजात म्हणाला. "शिवू गेला. पयल्याच दिवशी गेला म्हनं... लढाई सुरू झाली तवाच. अक्का मानंना. घरी जंगमस्वामी दिवसकार्याला येऊन बसलेत, ही त्यास्नी काय करू देईना. अण्णानं परवा ऐकलाय म्हनती. आता तुमीच सांगा."

पहिल्याच दिवशी. म्हणजे ती सेल घ्यायला आली, त्याच्याही आधी.  जमीन दुभंगली असती तर रेवणप्पा आनंदानं आत शिरला असता.

"मला ऐकवा," चंद्रव्वा म्हणाली. "माझ्या कानांनी ऐकते, मग कोन खोटं ते ठरंल."

आता बोलावं, सगळं ओकून टाकावं, असं त्याला वाटलं. पण तो त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेला. खरखर ऐकली की तिचं तिलाच कळेल, आपल्याला बोलावं लागणार नाही, एवढाच भेकड विचार त्याच्या मनात होता. त्यानं पोतं काढलं, यंत्र सुरू केलं. तापलेल्या धुळीचा वास खोलीभर पसरला. स्पीकरमधून खरखर सांडू लागली.

मग खरखर थांबली.

"आई..." आवाज लांबून आला, स्वच्छ आला. "मी बरा हाय. ओव्हर."

चंद्रव्वानं छातीवर हात ठेवला. रेवणप्पानं यंत्राकडं वाकून कान दिला.

"खोकला झाला हुता, गेला. ओव्हर... जेवन वेळंवर मिळतंय. ओव्हर... सिद्धेश्वराच्या जत्रंला येतो. ओव्हर."

त्याचीच वाक्यं. त्याच क्रमानं. पाठ केलेला धडा म्हणावा तशी. त्यानंतर शब्द नाही, पण खरखरही परतली नाही. बोलायचं बटण दाबून माणूस गप्प राहिला की असं होतं. नुसती यंत्राची बारीक गुणगुण उरते. पलीकडं कुणीतरी बटण दाबून थांबलं होतं.

"रेवणप्पा मामा," आवाज म्हणाला. "पुढं काय सांगू? ओव्हर."

त्या पोरानं रेवणप्पाला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

रेवणप्पा गुडघ्यांवर कोसळला. "काय नको सांगू, लेकरा... मी खोटं बोललो. मी तुला कधी ऐकलंच न्हाई. तुझ्या आईला मी फसवलं..." तो हमसून हमसून बोलत राहिला. त्या यंत्रात फक्त ऐकायची सोय होती. बोललेलं कुठंच पोचणार नव्हतं.

"समजलं, मामा," आवाज म्हणाला.

गुरप्पा दाराची चौकट घट्ट धरून उभा होता. चंद्रव्वा सावकाश त्याच्याकडं वळली. ती ओरडली नाही, तिनं शाप दिला नाही.

"मला फसवलंसा ते असू दे," ती म्हणाली. "पन मेलेल्या माझ्या लेकराला तुमी कामाला लावलंसा, अण्णा. तुमी रचायचं, आन् त्येनं तितं म्हनत बसायचं..."

 भावाचा हात धरून ती अंधारात उतरली. जंगमस्वामींनी त्याच रात्री विधी उरकले.

रेवणप्पा मात्र तिथंच बसून होता. बऱ्याच वेळानं यंत्र बंद करायला त्यानं हात पुढं केला. शिवशरणाची जागा आता रिकामी होती, तिथं साधी खरखर चालू होती. पण बंद करायच्या आधी त्यानं काटा थोडा पुढं सरकवला. खरखर थांबली. गुणगुण, पण ही वेगळी. जरा आणखी पुढं. तिथंही गुणगुण, तिसऱ्याच कुणाची. त्यानं काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. गाणी नव्हती, बातम्या नव्हत्या. जागोजागी शिवूसारखंच कुणीतरी बटण दाबून, काही न बोलता, काय सांगायचं याची वाट बघत उभं होतं.