तेविसावा प्रश्न

"सगळ्यांनी पाचव्या चौकटीत टिक मारायची. 'पूर्ण सहमत'. उगाच डोकं चालवायचं नाही," सर्वेक्षणाचे फॉर्म वाटत इन्चार्ज राखी सिस्टरनी फर्मान काढलं. नाशिकच्या त्या खासगी हॉस्पिटलातल्या बेचाळीस जणांपैकी एकेचाळीस जणांनी ते इमानेइतबारे पाळलं. उरली एक निकिता. ही बया प्रश्न वाचत बसली!

दुसऱ्या दिवशी दुपारी ती जिन्यात बसून गार झालेला डबा खात होती. जानेवारीचा गारठा फरशीतून वर चढत होता. वरून एक उंच मुलगा कागदांचा गठ्ठा छातीशी धरून, एकटाच हसत उतरला आणि तिच्याच पायरीशी थबकला.

"सॉरी... इथे जागा आहे?"

"जिना माझ्या बापाचा नाही. बसा."

तो बसला. अश्विन, पंचवटीचा. रुग्णांच्या सुरक्षिततेबद्दल नर्स-डॉक्टरांना काय वाटतं, ते मोजायला विद्यापीठाकडून आला होता.

"हसताय कशाला?"

"'आमच्याकडे रुग्ण सुरक्षित आहे' — पूर्ण सहमत. आणि तेविसावा प्रश्न, 'आमच्याकडे चुका लपवल्या जातात' — तेही पूर्ण सहमत! अख्ख्या हॉस्पिटलनं कबुली दिलीय, अन् कुणाला पत्ताच नाही."

निकिताला खुदकन हसू आलं. किती महिन्यांनी, तिलाच आठवेना.

"सगळेच तसे?"

"एक सोडून. त्यानं... किंवा तिनं... वाचून लिहिलंय. हिरव्या शाईनं." बोलता बोलता त्याची नजर तिच्या खिशाकडे गेली. संध्याकाळच्या पाळीच्या नोंदी हिरव्या पेनानं करायच्या असतात. पेन तिथंच होतं. त्यानं झटकन डब्याकडे बघितलं. "मेथी का?"

तेविसाव्या प्रश्नापुढे तिनं लिहिलं होतं : खाट अकरा. चूक माझी. लपवली.

"घ्या ना," तिनं डबा पुढं केला आणि पेन खिशात खोल दाबलं.

मग रोजच जिन्यात भेट होऊ लागली. तो चहा आणायचा.

"शर्टाचं बटण खालीवर लागलंय," ती म्हणायची.

"रोज माझ्या चुकाच काढता!"

"चूक दिसली की बोलावं, असं तुमच्याच फॉर्मात लिहिलंय."

तो लाजायचा. आताशा बटण मुद्दामच चुकतंय, हे तिला कळत होतं. पण खाट अकराबद्दल तो चकार शब्द काढत नव्हता, आणि त्याचाच तिला राग यायचा. शेवटी एक दिवस ती भडकली.

"तुम्ही वर सांगत का नाही? तुम्ही सांगावं म्हणूनच लिहिलं ना मी!"

"नाव फुटणार नाही असा शब्द दिलाय सगळ्यांना. तो मोडला तर पुढच्या वेळी कुणीच खरं लिहिणार नाही." मग हळूच म्हणाला, "आणि तुमचं नाव... अशा कामासाठी माझ्या तोंडून नाही हो निघणार."

तेव्हा तिनं सगळं सांगितलं. चांदवडचे नाथाबाबा. तिच्या लागोपाठ दोन ड्युट्या, एकाच ट्रेमध्ये दोन सारख्या दिसणाऱ्या बाटल्या, आणि शेजारच्या खाटेचं इंजेक्शन बाबांना दिलं गेलं. तासाभरात ते गेले. ती रडत राखी सिस्टरकडे धावली, तर सिस्टरनी केसपेपर बदलला आणि बाहेर जाऊन बाबांच्या म्हाताऱ्या बायकोलाच, कुसाबाईंनाच झापलं, "पथ्य असताना शिरा कशाला भरवलात? त्यानंच गेले ते!"

"कुसाबाई मान खाली घालून ऐकत होत्या हो... चमचा हातातच होता. आणि मी शेजारी गप्प उभी. चार महिने झाले."

अश्विननं तिच्या हातावर हात ठेवला. "मी सांगणार नाही. तुम्ही सांगायला निघालात, तर बाईक माझी."

रविवारी चांदवडच्या रस्त्यावर थंडी झोंबत होती. शेतातून काढलेल्या कांद्याचा उग्र वास येत होता. ती त्याच्या पाठीआड तोंड लपवून बसली होती.

"एक प्रश्न विचारू?" वाऱ्यात तो ओरडला. "फॉर्ममध्ये नसलेला?"

"कळलाय मला." ती त्याच्या कानाशी ओरडली. "पण आधी हे होऊ दे. नंतर कदाचित... तुम्हालाच विचारावंसं वाटणार नाही."

"वाटेल," तो म्हणाला.

दारात कुसाबाईची सून भेटली. "बाबा गेल्यापासून एकदाबी रडल्या नाय," ती कुजबुजली. "शिऱ्याचं नाव काढलं तर उठून जातात."

कुसाबाई लसूण सोलत होती. निकिता तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"आजी, मी हॉस्पिटलातली नर्स. बाबांना चुकीचं इंजेक्शन मी दिलं. माझ्या हातून गेले ते. मी लिहून देते, तुम्ही पोलिसात द्या."

म्हातारीनं लसूण बाजूला सारला. "म्हंजी... शिऱ्यानं नाय?"

"नाही आजी. शिऱ्यानं काहीच झालं नव्हतं."

"मागून खाल्ला हुता त्यांनी. दोन चमचे. लय आवडीनं."

"हो आजी."

"कागद ठेव अन् जा. मला तुझं तोंड बघवत नाय."

निकितानं हिरव्या पेनानं सगळं लिहिलं, खाली पूर्ण नाव घातलं आणि बाहेर आली. अश्विन बाईकला टेकून उभा होता.

"नोकरी जाईल," ती म्हणाली. "केसही होईल."

"होईल."

"मग विचारा आता."

"लग्न करशील माझ्याशी?" त्यानं तिला पहिल्यांदाच अगं-तुगं केलं.

"हो... पण हे सगळं निस्तरल्यावर. थांबशील?"

तो काही बोलणार, तेवढ्यात घरातून हंबरडा ऐकू आला. सून धावत आत गेली. चार महिन्यांनी कुसाबाई रडत होती. निकितानं अश्विनचा हात घट्ट धरला, आणि तो आवाज शांत होईपर्यंत दोघं तिथंच उभी राहिली.