जरा मार खा ना, निवा-सान!

सकाळी दहाला ‘गिन्गा’ गेम सेंटरचं शटर वर गेलं, तेव्हा योशिनोच्या पायांना आधीच घरी जावंसं वाटत होतं. नऊ वर्षं उभ्यानं नोकरी केलेल्या पायांना तेवढा हक्क असतो. बाहेर ओसूच्या बाजारात बर्फाळ पाऊस भुरभुरत होता आणि आत चार नंबरच्या मशीनचं सहावं बटण रुतून बसलं होतं.

तिनं बटण बदललं, किल्लीनं फुकटचा डाव सुरू केला आणि एकेक बटण दाबून पाहू लागली. मारामारीच्या खेळांची ही मशीनं एकमेकांना जोडून, पाठीला पाठ लावून उभी असतात. पलीकडे कोण बसलंय ते दिसत नाही, आणि डोकावून बघायची रीतही नाही. पलीकडे आधीच कुणी खेळतंय, हे झोपाळलेल्या योशिनोच्या लक्षातच आलं नव्हतं. आता पडद्यावर दोघांचे पहिलवान समोरासमोर उभे! तिनं ठोसा मारला – अडवला. लाथ मारली – अडवली. सहाही बटणं झाली, पण पलीकडच्यानं एक फटका अंगाला लागू दिला नाही, आणि उलट एकही मारला नाही.

“अहो, मी तपासणी करतेय!” ती मशीनवरून ओरडली. “जरा मार खा ना!”

पलीकडून एक दमलेला आवाज आला, “माफ करा... प्रयत्न करतोय. पण हात ऐकत नाही.”

तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. महिन्यातून दोनदा त्याच बाजूच्या लिव्हरचा मागचा स्विच निकामी व्हायचा. लिव्हर मागे ओढला की बचाव होतो. म्हणजे रोजच्या रोज नुसता मागेच ओढत बसणारा तो महाभाग हाच! रीत गेली खड्ड्यात म्हणत ती वळसा घालून पलीकडे गेली.

कारखान्याचं निळं जाकीट, कपाळावर टोपीचा वळ, आणि डोळे असे की रात्रभर मिटलेले नसावेत. वय तिच्याच आगेमागे, तिशी ओलांडलेलं.

“माझे स्विच खाणारे ते तुम्हीच तर!”

“तुमचे?”

“बदलते मी, म्हणजे माझेच.”

“निवा,” तो उठून वाकून म्हणाला. “रात्रपाळी सुटली की येतो. झोप येईपर्यंत.” आणि इतक्या प्रामाणिकपणे जांभई दिली, की योशिनोलाही आली. दोघं हसले.

त्यानंतर रोज सकाळी चार नंबरच्या मशीनवर गरम कॉर्न सूपचा एक डबा तिच्यासाठी ठेवलेला असायचा. आणि तो स्विच आता आठवड्यातून दोनदा बदलावा लागायचा. निदान योशिनोचं तसं म्हणणं होतं.

“कधी पुढे जातच नाही का हो तुम्ही?” हातात पेचकस, नजर स्विचकडे, असं तिनं एकदा विचारलं.

“गेलो होतो. दोनदा.”

“मग?”

“पहिलीनं दुसऱ्याशी लग्न केलं. दुसरी हो म्हणाली... आणि मग तिनं विचार बदलला.”

“निवा-सान, मी खेळाबद्दल विचारत होते.”

“...अच्छा.”

त्याचे कान लाल झाले. योशिनोला हसू आवरेना. या दमलेल्या माणसाला एकदा पोटभर झोपलेलं पाहावं, असं तिला वाटलं. असं वाटणं धोक्याचं, हे कळायला ती काही वीस वर्षांची नव्हती.

मार्च उजाडला आणि मॅनेजर कुवायामांनी बातमी दिली : गिन्गा महिनाअखेर बंद. योशिनोला हवं तर कंपनीच्या लांबच्या सेंदाई शहरातल्या शाखेत जागा आहे, राहायला कंपनीची एकट्यासाठीची खोलीही आहे. शनिवारी दुपारी बारापर्यंत हो की नाही ते कळवायचं. तिनं ते निवाला सांगितलं, अगदी सहज सांगितल्यासारखं. त्यानं ‘जाऊ नका’ म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. दोन शब्द.

“सेंदाई... चांगलं आहे म्हणतात,” तो लिव्हरकडे बघत म्हणाला. “तिथं भाजलेली बैलाची जीभ फार छान मिळते.”

बैलाची जीभ! योशिनोनं पेचकस खिशात कोंबला आणि चार दिवस तो असेपर्यंत चार नंबरकडे फिरकली नाही. तो गेल्यावर सूपचे डबे तेवढे मुकाट्यानं उचलले. राग सूपावर थोडाच होता?

शनिवारी साडेअकराला मात्र निवा खेळत असताना तिनं त्याच्या पलीकडच्या खुर्चीत बसून नाणं टाकलं. “मी जिंकले तर एक प्रश्न विचारणार. खरं उत्तर द्यायचं.”

“आणि मी जिंकलो तर?”

“तर तुम्ही विचारा.”

डाव सुरू झाला. योशिनो काही कसलेली खेळाडू नव्हती. तिनं एक सरळसोट लाथ मारली, पोरानंही अडवली असती अशी. ती लागली. दुसरी लागली. तिसरीही लागली. बघता बघता तिच्या पडद्यावर विजयाची अक्षरं झळकली, आणि योशिनोचा चेहरा काळवंडला.

गिन्गात एक वेळ शिवी खपायची, मशीनला लाथ खपायची. पण मुद्दाम हरणं कुणी कुणाला माफ केलेलं नव्हतं. समोरच्याला तुम्ही खेळायच्याही लायकीचं समजत नाही, असा त्याचा अर्थ.

“हातचं राखून खेळलात!” ती मशीनवर थाप मारत म्हणाली. “माझ्याशी?”

“तुम्ही... तो प्रश्न विचारावात म्हणून.” मशीनपलीकडून कसाबसा आवाज आला. “माझ्याच्यानं तोंड उघडवत नाही. तुम्ही विचारलं असतं, तर उत्तर तयार होतं.”

योशिनोच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं की कशाचं, ते तिलाही सांगता आलं नसतं. नऊ वर्षं सगळ्यांची बिघडलेली बटणं तिनंच बदलली होती. हेही तिनंच करायचं?

“नाही विचारणार,” ती म्हणाली. “दमलेय मी, निवा-सान. पुन्हा खेळा. या वेळी खरं.”

मग नाणं पडल्याचा आवाज आला.

आणि त्याचा पहिलवान पुढे आला. अडखळत, चुकत, मध्येच दोन फटके खात... पण पुढेच. योशिनोनं जिवाच्या आकांतानं बटणं बडवली. ती हरली, आणि हरून इतकं बरं तिला आयुष्यात वाटलं नव्हतं.

तो वळसा घालून तिच्या बाजूला आला. हात घामेजलेले, ते जाकिटाला पुसत म्हणाला, “सेंदाईत... गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने असतात का हो?”

योशिनो खुर्चीतून उठली.

“असतील की. पण रात्रपाळी घ्यायची नाही. मी घरी असताना झोपणारा नवरा मला चालायचा नाही.”

“न... नवरा?”

शब्द तोंडातून निसटला होता. पण मागे घ्यायची तिची मुळीच तयारी नव्हती. बाराला दहा मिनिटं कमी होती. ती तशीच लाल चेहऱ्यानं कुवायामांच्या टेबलाशी गेली.

“सेंदाईला हो कळवा,” ती म्हणाली. “आणि कंपनीची ती एकट्यासाठीची खोली... ती नको म्हणावं.”