पावणेबाराचं रीडिंग

मंगळवार. सकाळी ६.५०.

"अहो बाई — अहो, जरा ऐका ना!"

नीला ओव्हाळ ऐकणार नव्हती. सातच्या भोंग्याला दहा मिनिटं उरली होती, कासारवाडी स्टेशनपासून कंपनीचं गेट पंधरा मिनिटांवर होतं, आणि हाक मारणारा माणूस अनोळखी होता. तिने पदर खोचला आणि पाय उचलला. मागच्या बुटांनीही वेग घेतला.

"भोसरीच्या एमआयडीसीत जायचंय हो. रस्ता तेवढा —"

"माझ्या मागून या. पण बोलू नका. मला दम लागतो."

तो मागून आला. बोलला मात्र सारखा. इथे थंडी फार आहे, इथली माणसं चालतात फार भराभर, आणि चष्म्यावर धुकं बसल्यामुळे आपल्याला फक्त तिची वेणी दिसते आहे, तेवढ्यावर चाललोय… गेटवर पोचल्यावर नीलाने त्याच्याकडे नीट पाहिलं. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. गळ्यात मफलर, हातात जुनी चामडी बॅग.

"काही विकायला आला असाल तर परवा या," ती म्हणाली. "आज कुणी भेटणार नाही. मुंबईहून अणुवीज प्रकल्पाचे तपासनीस येणारेत. फार कडक म्हातारा आहे म्हणे."

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात."

"कडक आहे, ते खरं." त्याने मफलर सोडला. "म्हातारा व्हायला अजून थोडा वेळ आहे. मी जयसिंग सोनवणे."

यावर नीलाचा चेहरा कसा झाला, त्याची नोंद कुठे नाही.

गुरुवार. ९.००. दाब ३.२. तपमान १४५. मेगर ४०.

आता हे आकडे काय, ते सांगायला हवं.

कंपनी एक स्विच बनवत होती. मुठीएवढा. अणुभट्टीतल्या झडपेवर बसायचा आणि झडप उघडी आहे की बंद, एवढंच बाहेर कळवायचा. साधं काम. पण भट्टीच्या इमारतीत एखादा पाइप फुटला आणि सगळी वाफ आत कोंडली, तरीही त्याने ते काम करायला हवं होतं. तसं तो करतो का, हे पाहायला त्याला एका पोलादी टाकीत वाफ भरून सहा तास कोंडून ठेवायचं. नऊ ते तीन. दर पंधरा मिनिटांनी टाकीवरचा दाब वाचायचा, तपमान वाचायचं, आणि मेगरचा दांडा फिरवून वायरीचं वेष्टण वीज अडवतंय ना, ते मोजायचं. आपोआप नोंदी ठेवणारं यंत्र कंपनीकडे नव्हतं. नीला होती.

आणि बाजूच्या स्टुलावर बसून, नीला जे वाचते ते खरंच तसं आहे असं म्हणणारा एक साक्षीदार लागायचा. तो जयसिंग.

"ओव्हाळ," क्वालिटीचे हिंदुराव साहेब सकाळीच बजावून गेले होते, "शनिवारी ट्रक सुटायचाय. एक तारखेला तुझं नोकरीत कायम झाल्याचं पत्र निघायचंय. दोन्ही तुझ्या हातात. मला काही गडबड नको."

तेव्हापासून नीलाला दडपण आलं होतं. हिंदुराव साहेबांमुळे अर्धं. बाकीचं अर्धं स्टुलावर बसलं होतं.

१०.१५. दाब ३.२. तपमान १४५. मेगर ३५.

"मेगर उतरतोय," ती म्हणाली.

"उतरणारच. तुम्ही कशाला घाबरता?"

"मी नाही घाबरले."

"मग पेन्सिल कशाला चावताय?"

तिने पेन्सिल तोंडातून काढली. टाकीच्या झाकणातून कुठूनतरी वाफ फुसफुसत होती. खोलीभर ओलसर, कोमट धुकं… जयसिंगने चष्मा काढून पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि तो लगेच पुन्हा पांढरा झाला.

"आता मी काय बघतोय ते मलाच दिसत नाही," तो म्हणाला.

"साक्षीदार असं बोलला तर कसं चालेल?"

"चालतंय की. दोन दिवस बघतोय मी. वाचताना तुम्ही काट्याच्या बरोबर समोर डोळा आणता, श्वास धरता, मग लिहिता. तुमच्या पानावर मी डोळे झाकून सही करीन."

तिला छान वाटलं. आणि छान वाटल्याची भीतीही वाटली.

११.३०. दाब ३.२. तपमान १४५. मेगर ३१.

"हा स्विच खोटं बोलला तर काय होईल?" तिने विचारलं. खरं तर बोलायला काहीतरी हवं होतं. संध्याकाळच्या गाडीने तो जाणार होता.

"झडप उघडी असताना तो 'बंद' म्हणाला, तर बाहेर बसलेला माणूस ते खरं धरणार. त्या वेळी आत जाऊन कुणी बघू शकत नाही ना." तो थांबला. मफलरचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. परत गुंडाळलं. "मिस ओव्हाळ… एक विचारू?"

"विचारा."

"तुमच्या वडिलांची पाळी कुठली?"

"दुसरी. तीनला जातात. का?"

"म्हणजे सकाळी घरी असतात." पुन्हा मफलर. "एखाद्या सकाळी तुमच्या दारात येऊन मी 'जय भीम' म्हणालो… तर आत घेतील का?"

वाफ फुसफुसत होती. नीलाला तेवढंच ऐकू येत होतं. त्याने चष्मा काढला होता आणि त्याचे डोळे उघडे, ओले, घाबरलेले होते. हा कडक माणूस — घाबरलेला! ती बघत राहिली. काहीतरी बोलायला हवं होतं. शब्द ओठापर्यंत येत होते आणि…

११.४५. दाब     . तपमान     . मेगर     .

१२.००.

भोंगा झाला.

नीला दचकून टाकीकडे वळली. ३.२. १४५. मेगरचा दांडा फिरवला. २९. लिहायला खाली वाकली, तर वरची ओळ कोरी.

अख्खी ओळ.

जयसिंग पाठमोरा, खिडकीपाशी चष्मा पुसत होता. साडेअकराच्या ओळीत ३.२ होतं, बाराला ३.२ आहे. मधे दुसरं काय असणार? ३१ आणि २९ च्या मधे काय येतं, ते पहिलीतलं पोर सांगेल. पेन्सिल ठेवून तिने पेन उचललं. ३.२. १४५. ३०. अक्षरही नेहमीसारखंच आलं.

तो वळला, पानावर वाकला आणि सही केली. डोळे झाकून नव्हे. पण बघितलं त्याने तिच्याकडे, पानाकडे नाही.

"उत्तराची घाई नाही," तो हळूच म्हणाला. "सवडीने सांगा."

१.००. दाब ३.२. तपमान १४५. मेगर २८.

बॉयलरवरचे खंडूभाऊ निघोज्याहून सायकलीने यायचे. भाकरी झाली की हात पुसत दारात उभं राहून दोन शब्द बोलून जायचे.

"नीलाताय, झाक चाललंय न्हवं?"

"हो, खंडूभाऊ."

"मगाशी पावणेबाराला मातर माझं काळीज तोंडात आलं व्हतं. बॉयलरात पाणी घेतलं आन् वाफ बसली की हो! पार अडीचवर आली. धा मिन्टं नुस्तं कोळसं वडत व्हतो. तुमच्या वहीत आलंच आसंल म्हना."

"…हो."

"साह्येबाला सांगू नगा पर. न्हाई तर मलाच बोलंल त्यो." ते हसत गेले.

अडीच.

वहीत ३.२ होतं. तिच्या अक्षरात. त्याच्या सहीने.

१.१५. १.३०. १.४५. २.००.

आकडे बरोबर घेतले. दोन-दोनदा घेतले.

सांगितलं तर? सहाही तास पुन्हा. शनिवारचा ट्रक हुकला. कायमचं पत्र गेलं. खंडूभाऊंना बोलणी. आणि तो… साक्षीदार होता ना तो. साक्षीदार काय करत होता, असं मुंबईवाले विचारणार. त्याच्या नोकरीवर डाग माझ्यामुळे. आणि ज्या बाईच्या आकड्यांवर डोळे झाकून सही करायची, ती बाई ही! दारात येऊन कशाला 'जय भीम' म्हणेल तो?

नाही सांगितलं तर काहीच नाही. दहा मिनिटांचा तर प्रश्न. स्विच चांगला आहे. असेल. असणारच.

असणारच, हे कुठल्या काट्यावर वाचलं, नीला?

२.३०.

"तब्येत बरी नाही का?" जयसिंगने विचारलं. "मी मघाशी बोललो ते… राहू दे. विसरून जा. मी उगाच —"

"तसं नाही हो!"

इतक्या जोरात म्हणाली की तो स्टुलासकट मागे सरला. आणि तो चुकीचं समजला आहे हे दिसत असून तिला पुढे बोलता येईना.

३.००. दाब ३.२. तपमान १४५. मेगर २६. संपलं.

त्याने शेवटच्या पानावर टेकवायला पेन उघडलं.

"थांबा," नीला म्हणाली. "पावणेबाराचे आकडे माझे नाहीत. म्हणजे… माझेच आहेत. पण टाकीचे नाहीत. मी बघितलंच नाही. मनाने लिहिले. वाफ तेव्हा अडीचवर आली होती."

पेन तसंच अधांतरी.

तो फार घाबरला की त्याच्या तोंडून त्याचं नांदेडकडचं गाव बाहेर पडायचं. "काहून?" तो म्हणाला. "तुम्ही? काहून बघितलं नाही?"

"तुमच्याकडे बघत होते."

बोलून गेली. आता काही मागे घेता येत नव्हतं. वाफ बंद झालेली होती, खोली अगदी शांत होती, आणि तिच्या गालांवरून जे उतरत होतं त्याला घाम म्हणायची सोय उरली नव्हती.

जयसिंगने पेनाचं टोपण लावलं. हळू. फार हळू.

"मी कुठे बघत होतो मग?" तो म्हणाला. "साक्षीदार तर मी होतो. चला साहेबांकडे."

३.२०. हिंदुराव साहेबांची केबिन.

टेबलावर पेढ्यांचा पुडा होता. अजून दोरा सोडलेला नव्हता.

ऐकून घेतल्यावर साहेबांनी पुडा खणात टाकला. मग उभे राहिले, बसले, परत उभे राहिले.

"शनिवारचा ट्रक, ओव्हाळ! शनिवारचा! आणि तुम्ही सोनवणे, तुम्हाला काय सांगायचं? तुम्हाला मी सांगणारा कोण!"

"चाचणी रद्द धरा, साहेब," जयसिंग म्हणाला. "पुन्हा पहिल्यापासून. आणि साक्षीला दुसरा माणूस येईल. मी आता बसणं बरोबर नाही."

साहेबांनी छापील कागद ओढला. चुकलेल्या चाचणीचा असतो, तो. खाली एक रकाना होता. कारण.

"घड्याळ बंद पडलं असं लिहा," साहेब आवाज उतरवून म्हणाले. "तीही सुटेल, तुम्हीही सुटाल."

"घड्याळ चालू होतं, सर," नीला म्हणाली. आवाज कापला, पण म्हणाली.

"मग लिही खरं! लिही! मला बघायचंय काय लिहितेस ते."

तिने लिहिलं: *वाचन घेणारीचं लक्ष दुसरीकडे होतं. आकडे मनाने भरले.* सही केली. जयसिंगने कागद आपल्याकडे घेतला आणि त्याखाली लिहिलं. साहेबांनी मोठ्याने वाचलं:

"'साक्षीदाराचंही. तो त्या वेळी वाचन घेणारीला…' हे काय? 'लग्नाचं विचारत होता'?" त्यांनी चष्मा वर केला. "हे मी मुंबईला पाठवू? सरकारी फाइलीत?"

"खरं आहे ते, साहेब."

हिंदुराव साहेबांनी कागद टेबलावर आपटला आणि परत उचलला. रागाने की कशाने, त्यांच्या मिशा हलत होत्या.

"पत्र तीन महिने पुढे जाईल तुझं," ते शेवटी नीलाला म्हणाले. "मी थांबवणार नाही, पण वरचे थांबवतील. आणि उत्तर दिलंस का त्याला?"

नीलाने मान खाली घातली.

"बाबांचं बाबांना विचारा म्हणावं," ती म्हणाली. "माझं… मी मघाशी टाकीपाशी सांगितलंय."

शुक्रवार, शनिवार, रविवार.

शुक्रवारी काही नाही. शनिवारी ट्रक सुटला नाही. शनिवारी दुपारी कंपनीत जयसिंगचा ट्रंककॉल आला: त्याला मेमो मिळाला होता, मंगळवारच्या गाडीने मद्रासकडच्या प्रकल्पावर धाडत होते. जाण्याआधी सोमवारी सकाळी तो कासारवाडीला येणार होता.

रविवारी नीलाने बाबांना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं — मेगरसुद्धा. ज्योतीराम ओव्हाळ वीस वर्षं फाउंड्रीत होते. ऐकत असताना ते सायकलची चेन पुसत होते. सांगून झालं तरी पुसतच राहिले.

"बाबा, काहीतरी बोला."

"उद्या तुझी टाकी किती वाजता लागणार?"

"आठला. दोनला संपेल."

"जेवण घेऊन जा," एवढंच ते बोलले.

सोमवार. ८.००. दाब ३.२. तपमान १४५. मेगर ४१.

स्टुलावर आता मुंबईहून आलेले नवे साक्षीदार साहेबराव होते. हे खरोखरच म्हातारे आणि खरोखरच कडक. फाइल वाचून आले होते. पहिल्या रीडिंगला नीलाच्या खांद्यावरून वाकले, काटा स्वतः बघितला आणि खाकरून म्हणाले, "लक्ष इकडे ठेवायचं हं, बाई."

नीला लक्ष इकडे ठेवत होती. पण दहा वाजता तो घरी पोचला असेल. साडेदहाला चहा झाला असेल. की दारातूनच…? अकरा. ३.२. बारा. १४५. बाबा कुणालाही टाकून बोलत नाहीत, पण गप्प बसून माणसाला पार संपवून टाकतात. पाऊण. मेगर २८. तो संध्याकाळी मुंबईला. उद्या मद्रास. पंधरा मिनिटं एवढी मोठी असतात हे तिला आजवर माहीत नव्हतं.

१.५६.

हिंदुराव साहेब दारात येऊन उभे राहिले.

"ओव्हाळ, तुझे वडील गेटवर आलेत. तो पण आहे."

तिच्या हातातली पेन्सिल खाली पडली. "काय म्हणतात?"

"मला काय माहीत? टपरीवर बसलेत दोघं. तुझे वडील सायकलच्या कॅरिअरवरून त्याची बॅग सोडत होते. चहा मागवलाय, भजी मागवलीत. त्याला म्हणत होते, मद्रासला असलं काही मिळायचं नाही, खाऊन घे." मग साहेब ओरडले, "आता जा की! बोलावतायत तुला. चार वाजताची गाडी आहे त्याची."

साहेबराव स्टुलावरून हलले. "जा बाई," तेसुद्धा म्हणाले. "एकच राहिलंय. मी घेतो."

नीला दाराकडे दोन पावलं गेली. बाहेर ऊन होतं. गेट इथून दिसत नव्हतं.

ती परत आली.

"रीडिंग झाल्यावर जाते," ती म्हणाली. "थांबतील ते."

तिने पदराने काच पुसली, काट्याच्या बरोबर समोर डोळा आणला आणि थांबली. चार मिनिटं. साहेबरावांनी पडलेली पेन्सिल उचलून दिली. हिंदुराव साहेब घड्याळाकडे बघत राहिले. मग तिने श्वास धरला.

२.००. दाब ३.२. तपमान १४५. मेगर २७.

स्विच टिकला होता. नीलाने आकडे लिहिले, सही केली, वही साहेबरावांच्या मांडीवर ठेवली — आणि पळाली.