बेटाबाहेरची साक्षीदार

“नियम सांगायचा, आयल्सा. सल्ला द्यायचा नाही. समोरचा रडला तरी नाही, आणि त्यानं हसवलं तरी नाही.”

तिला काम शिकवणाऱ्या मिसेस डॅलग्लीशना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण त्यांचा आवाज आयल्साच्या हेडफोनात अजून मुक्कामाला होता. एडिंबरातल्या त्या पेन्शन कंपनीत, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी तिचं टेबल. देशभरातले आर्थिक सल्लागार कुठे अडले की इथे फोन करत. माणूस गेल्यावर त्याची पेन्शन कुणाकडे जाते, वारसा कर कशावर बसतो, कशावर माफ होतो... ग्राहकाचं नाव त्यांनी सांगायचं नाही, तिनं विचारायचं नाही. म्हणून प्रत्येक प्रश्न एकाच शब्दानं सुरू व्हायचा. समजा, एक विधवा आहे. समजा, एका गृहस्थानं मुलीला घर दिलं आणि सात वर्षांच्या आत तो गेला. दिवसभर अशी कितीतरी माणसं आयल्साच्या कानात जगायची, मरायची, आणि ती शांतपणे त्यांना कुठलं कलम लागतं ते सांगायची.

तो फोन खरं तर तिचा नव्हताच. फेब्रुवारीतली ओली दुपार होती. शेजारची मैत्रीण चहा आणायला उठली, तिचा फोन वाजत राहिला, आणि आयल्सानं तो आपल्याकडे घेतला.

“समजा, एक गृहस्थ आहेत...” पलीकडचा आवाज थांबला. मागे पत्र्यावर पाऊस थडथडत होता, त्यात समुद्रपक्ष्यांचा कालवा. “एक मिनिट हं. तुमच्याकडेही एवढा पाऊस आहे का? इथे मला माझाच प्रश्न ऐकू येत नाहीये.”

“आमच्याकडे नुसतं भुरभुरतंय,” ती म्हणाली. “तुम्ही घाई करू नका. गृहस्थ थांबतील.”

तो हसला. त्या हसण्यानं तिच्या मानेवर काहीतरी हलकंसं फिरलं... पिसासारखं.

त्याचं नाव स्ट्रूअन मॅकफेल. ओबनहून बोटीनं जावं लागतं त्या बेटावर, टोबरमोरी गावात, मासेवाल्याच्या दुकानावर त्याची कचेरी. दर आठवड्याला त्याचा फोन येऊ लागला, आणि तो तिचंच नाव घेऊन मागू लागला. त्याचे प्रश्न दिवसेंदिवस इतके बारीक होत गेले की एकदा तिनं त्याला पकडलंच. हे उत्तर तुम्हाला मागच्याच आठवड्यात माहीत होतं, मिस्टर मॅकफेल.

“होतं ना,” तो म्हणाला. “पण तुमच्या तोंडून ऐकलं की पाठ राहतं.”

ईस्टरआधीचे उपासाचे दिवस सुरू झाले. कचेरीच्या वाटेवरच्या चर्चमध्ये ती रोज सकाळी प्रार्थनेला थांबायची, आणि या दिवसांत गोड खात नसे. त्यानं नेमका तेव्हाच टपालानं डबा पाठवला, घरी दूध-साखर आटवून केलेल्या वड्यांचा. डबा खणात बंद आहे, ईस्टरला उघडेन, असं तिनं कळवलं तेव्हा तो ओशाळला. मीही काहीतरी सोडतो म्हणाला. काय सोडावं? फोनच करत नाही ईस्टरपर्यंत...



“नको,” तो घाईनं म्हणाला. “ते फारच कडक होईल. मी चहातली साखर सोडतो.”

आणि मग एके दिवशी, कुठल्यातरी विश्वस्त निधीचा प्रश्न संपल्यावर, त्यानं घसा साफ केला. “समजा, एक सल्लागार आहे. वय चौतीस. अविवाहित. आठवड्यातून एकदा एका बाईंना विनाकारण फोन करतो. त्याला काय लागू होतं?”

आयल्साच्या कानाच्या पाळ्या तापल्या. समोरच्या काचेवरून थेंब ओघळत होता, ती त्याच्याकडेच बघत राहिली. “हे बोलणं ध्वनिमुद्रित होतं, मिस्टर मॅकफेल.”

“मग नोंद तर राहील.”

“अशा प्रकरणात...” तिनं श्वास घेतला, “सर्वसाधारण नियम नाही. प्रत्येक प्रकरण वेगळं तपासावं लागतं.”

“प्रत्यक्ष?”

“...प्रत्यक्ष.”

त्या दिवशी घरी जाताना ती आपला थांबा सोडून दोन थांबे पुढे गेली, आणि भिजत परत आली.

पुढच्या वेळी मात्र त्याच्या आवाजात हसू नव्हतं. “समजा,” तो म्हणाला, “एक मूर्ख सल्लागार आहे.”

हळूहळू तिनं सगळं काढून घेतलं. त्याचा एक ग्राहक होता, बोटीवरचा निवृत्त इंजिनियर. फुप्फुसं थकलेली, डॉक्टर उन्हाळ्यापलीकडचं बोलत नव्हते. घर त्याच्या नावावर, पेन्शनचा साठाही त्याचाच, फारसा न वापरलेला. नव्या नियमानं तो उरलेला साठाही वारसा करात धरला जाणार होता. काळजी नव्हती, कारण नवऱ्याकडून बायकोला जे जातं त्यावर कर नाही. या भरवशावर स्ट्रूअननं सगळी आखणी केलेली. काल कागद पुरे करायला त्यानं लग्नाची तारीख विचारली. म्हातारा-म्हातारी एकमेकांकडे बघून हसली, आणि मग हसायची थांबली. लग्न झालंच नव्हतं. तरुणपणी ग्लासगोहून बेटावर आली तेव्हा घरमालकानं दोघांना नवरा-बायको धरलं, गावानंही तेच धरलं, आणि यांनी कधी कुणाला अडवलं नाही.

“मी विचारायला हवं होतं,” स्ट्रूअन म्हणाला. “इतकी वर्षं मीही तिला मिसेसच म्हणत आलो. आता करमाफीच्या मर्यादेवरच्या सगळ्यावर कर बसेल, आणि तो भरायला तिला राहतं घर विकावं लागेल.”

आयल्सानं पुस्तकं उघडली. एक जुनी वाट होती. फार पूर्वीपासून नवरा-बायकोसारखी राहिलेली आणि लोकांनीही तशीच मानलेली जोडी असेल, तर स्कॉटिश न्यायालय अजूनही ते लग्न मानू शकतं. पण त्याला वेळ लागतो, वकील लागतात, आणि सगळ्या गावाच्या साक्षी.

“कोर्टापेक्षा रजिस्ट्रार जवळ पडेल,” ती म्हणून गेली, आणि तिनं जीभ चावली.

लग्नाला म्हातारा एका पायावर तयार आहे, स्ट्रूअन म्हणाला, पण म्हातारी ऐकत नाही. आत्ता इथेच बसलीये समोर... पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आणि फोन दुसऱ्याच हातात गेला.

“तू ती एडिंबराची का? मी नेटा. मला समजा-बिमजा काही नको. खरं सांगते, ऐक.”

ग्राहकाशी बोलायचं नसतं. आयल्सा फोन ठेवू शकली असती. ती ऐकत राहिली.

चर्चमध्ये नेटा पहिल्या रांगेत उभी राहून गायची. गावातली निम्मी पोरं तिच्याच हाताखाली बायबल शिकली. “आणि खालच्या मासेवाल्याच्या मुलीला मी सुनावलं होतं गं,” तिचा आवाज बारीक झाला, “लग्नाआधी एका घरात राहते म्हणून. सगळ्यांदेखत. आता रजिस्ट्रारच्या दारावर माझं नाव लागलं तर कुठल्या तोंडानं दुकानात जाऊ?”

लग्न जिथे होतं, नावं तिथल्या कचेरीत लागतात, आयल्सानं सांगितलं. ओबनला केलंत तर ओबनला लागतील. मला फक्त नियम सांगता येतो, सल्ला नाही, हेही तिनं जोडलं.

नेटा विचारात पडली. “आणि साक्षीदार?”

“दोन लागतात.”

“एक हा स्ट्रूअन. दुसरं कोण? बेटावरच्या एकाला सांगितलं की सगळ्या बेटाला सांगितलं. आम्हा म्हाताऱ्यांचं बाहेर आहे कोण?”

पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत होता. मिसेस डॅलग्लीश कानात काहीतरी म्हणत होत्या, पण त्या आज फार लांबून बोलत होत्या.

“मी येते,” आयल्सा म्हणाली.

“हा नियम झाला की सल्ला, पोरी?”

“दोन्ही नाही. मी येते.”

मग नाक ओढल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ अटी. फुलं तिकडूनच आणायची, कारण ओबनच्या फुलवालीची बहीण टोबरमोरीत राहते. आणायची तीही झाकून. पांढरी. आणि कुणाला, अगदी स्वतःच्या आईलाही, बोलायचं नाही. आयल्सानं एकेक कबूल करून शब्द दिला. फोन परत स्ट्रूअनकडे गेला.

“आयल्सा...” पहिल्यांदाच त्यानं नुसतं नाव घेतलं. “तू खरंच येशील?”

“शब्द दिलाय.”

“मग आधीच सांगून ठेवतो. मी आवाजाएवढा उंच नाही. कानही जरा मोठे आहेत.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “नीट ऐकू येत असेल.”

तो हसला, पण लगेच थांबला. “त्यांचं उरकलं की चौघं जेवू, असं नेटाचा डूगल म्हणतोय. परतीची बोट संध्याकाळची आहे. मधली दुपार मोकळी आहे. मला तुला एक विचारायचंय, आयल्सा. आणि ते ‘समजा’नं सुरू होणार नाही.”

तिनं हेडफोन कानावर घट्ट दाबला. “मग उत्तरही,” ती हळूच म्हणाली, “आडून येणार नाही.”

ओबनला लग्नाची सूचना लागली, महिना सरला. मधे ईस्टर आला. तिनं डबा उघडला, पहिली वडी जिभेवर ठेवून डोळे मिटले, आणि मग उरलेला डबा कुणाला दाखवलाच नाही. रजेचा अर्ज घेऊन ती गटप्रमुख गॅव्हिनकडे गेली. अधूनमधून ध्वनिमुद्रित फोन ऐकून तपासायचं कामही त्याच्याकडेच असायचं. त्यानं मान वर न करता सही केली. कागद परत देताना म्हणाला, “ओबनला वारा असतो. जाड काहीतरी घालून जा.”

तिनं अर्जात गावाचं नाव लिहिलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी ती उजाडताच उठली. खिडकीपाशी उभ्याउभ्याच प्रार्थना म्हटली. त्यात आज डूगलच्या श्वासासाठी एक ओळ जास्त होती, आणि स्वतःसाठी एक, जी तिनं ओठ न हलवता म्हटली. निळा झगा, वर जाड कोट. रात्रभर पाण्यात ठेवलेली पांढरी फुलं तिनं ओल्या कागदात गुंडाळली आणि बाजाराच्या पिशवीत उभी केली. वर एक पाव, आणि सगळ्यावरून कांद्याची पात.

जिन्यात खालच्या मिसेस पेट्री दुधाची बाटली घेऊन उभ्या. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग निळ्या झग्याच्या काठाकडे. “एवढ्या पहाटे? बाजारातून आलीस की बाजाराला निघालीस?”

“जरा काम आहे,” आयल्सा हसून म्हणाली. पातीखालून डोकावणारी एक पाकळी तिनं बोटानं हलकेच आत सारली, आणि पावलांचा आवाज न करता ती स्टेशनकडे निघाली.