चार्जर नसलेला लॅपटॉप

वारूळवाडीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक बॅटरी बदलायला येतं आणि वर विचारतं, "ताई, जुनीच आणखी थोडी चालवता येते का बघा ना." फुगलेली बॅटरी चालवायची नसते, हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस येतो.

पिंपळवंडीच्या अंबामावशींनाही मी तेच सांगितलं. मुलीचा, सोनलचा, जुना लॅपटॉप त्यांनी तिच्याच ओढणीत बांधून आणला होता. सोनल अवसरीला इंजिनिअरिंग शिकत होती, रोज एसटीनं जाऊन-येऊन. दोन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि गेली.

"खालनं फुगलाय, डुगडुगतो," मावशी म्हणाल्या. "आन् लवकर इझतो. आधी लई येळ बसायची."

"कोण बसायचं?"

"सोनल. सांजच्याला तिच्या एसटीची येळ झाली की ह्यो आपला आपण चालू व्हतो. मी मांडीवर घेऊन बसते."

"चार्ज कधी करता?"

"चार्जर कुठाय? त्यो उंदरांनी कवाच कुरतडला."

मावशी, कुणाला शेंड्या लावता, असं अगदी ओठावर आलं होतं. पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि लॅपटॉपच पुढ्यात ओढला. लॅपटॉप उलटा करून खालचे दोन खटके सरकवले आणि अडकलेली बॅटरी ओढून काढली. पुरीसारखी टम्म झाली होती. मीटर लावला तर शून्य. ही काल-परवा मेलेली नव्हती. ती मी वाळूच्या बादलीत टाकली, नवी बसवली, सोबत चार्जर दिला आणि मावशींना एसटीत बसवून आले.

आठवड्याभरानं त्या परत आल्या. ओढणी तीच.

"चालतोय ना?"

"बटण दाबलं की चालतोय." त्या फरशीकडे बघत बोलत होत्या. "आपला आपण न्हाई व्हत. मी रोज वाट बघत बसते. पोरगी येईनाच झाली गं."

त्यांनी ओढणी सोडून लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

"ही बॅटरी काढ. तिची जुनी दे."

"मावशी, ती फुटली तर घर पेटेल."

"बरं, नको देऊस. ही तेवढी काढ."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी नवी बॅटरी काढली आणि लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. मावशींनी पदरानं हात पुसले, दोन्ही तळवे बटणांवर ठेवले आणि डोळे मिटले. घटकाभर बसतील, मन हलकं होईल, म्हणून मी दुसऱ्या कामाला लागले. बाहेर ऊन उतरलं होतं. अवसरीकडून येणारी एसटी कोपऱ्यावर थांबली, माणसं उतरली.

पडदा उजळला.

मी लॅपटॉपची कड उचलून खालून बघितलं. बॅटरीची जागा रिकामी होती. वायर कुठेच नव्हती.

सर्किटात कधी कधी थोडी वीज उरते, क्षणभर. मी तो क्षण जाऊ दिला.

पडदा विझला नाही. कोपऱ्यात चार्जिंगची खूण होती आणि शेजारचा आकडा वाढत होता.

"मावशी, हात काढा."

त्यांनी ऐकलं नाही. मी मनगट धरून हात उचलला. चटका बसावा इतका गार होता. दुसराही उचलला.

आकडा थांबला.

त्यांनी हळूच दोन्ही हात सोडवून घेतले आणि परत जागेवर ठेवले. आकडा पुढे सरकला.

"मावशी, हात गोठलेत तुमचे!"

"मागं कोपरापत्तुरच गार पडायचं," त्या म्हणाल्या. त्यांना इतक्या आनंदात मी पहिल्यांदाच बघत होते. "आज खांद्याच्या वर चढलंय बघ. आता लई येळ बसंल पोरगी."