शंभर तासांची मुदत

तपासणीच्या एका कार्डावर सही राहिली होती, म्हणून मी हँगरमध्ये गेले. विमानाच्या डाव्या इंजिनापाशी शिडीवर दोन बूट दिसले. बुटांच्या वरचा माणूस इंजिनाच्या पोटात डोकं घालून बसलेला.

"टॉर्च दे रे," आतून आवाज आला.

मी दिली. "रे नाही," म्हटलं, "रेकॉर्ड विभाग."

टॉर्च खाली पडली. पाठोपाठ तोही पडणार होता, पण सावरला.

त्याला सगळे दुर्बीण म्हणायचे. बारीक नळीचा कॅमेरा इंजिनात घालून तो आतली पाती तपासायचा. मी माझ्या टेबलावर प्रत्येक इंजिनाचं वय सांभाळायचे... किती तास चाललं, पुढची तपासणी कधी, सगळं उघडून दुरुस्तीला कधी पाठवायचं. त्या दिवसापासून त्याच्या कार्डांवर रोज एखादी सही राहायला लागली.

"एका पात्यावर जरासं खरचटलंय," एकदा तो म्हणाला. "काळजीचं नाही, पण नजर ठेवावी लागेल."

"मग ठेवा की."

"ठेवलीच आहे," तो म्हणाला, आणि बघत होता माझ्याकडे!

एका सोमवारी सकाळी अकरा वाजता, ते डावं इंजिन तपासून परत विमानाला लागलं तेव्हा, त्याने विचारलं, "तुम्ही... म्हणजे मी... आपण लग्न करायचं का?"

'हो' अगदी ओठांवर होतं. पण म्हटलं, थोडा भाव खाऊ. "विचार करायला शंभर तास द्या."

त्याने गंभीरपणे मान डोलावली आणि खिशातल्या वहीत लिहूनही घेतलं.

शंभर तास म्हणजे शुक्रवारी दुपारी तीन. मी नवा ड्रेस घालून बसले. बरोब्बर तीनला तो आला.

"डाव्या इंजिनाचे सोमवारपासून किती तास झाले?"

"एकोणीस," मी म्हटलं.

"बस्स?" तो हिरमुसला आणि निघून गेला.

मी बघतच राहिले. माझा ड्रेस, माझं उत्तर, सगळं तसंच राहिलं. पुढचे दोन आठवडे हेच. यायचा, तास विचारायचा, उसासा टाकायचा, जायचा. माझ्याशी बोलायचं असेल तर दुसरा विषय नाही का मिळत? की विचारलं ते चुकून? रात्रंदिवस डोक्याचा नुसता भुगा झाला. मला तो हवा होता, आणि त्याला इंजिन!

त्यातच आईने बजावलं, "रविवारी मुलाकडचे लोक तुला बघायला येताहेत. नको असेल तर कारण सांग."

कारण काय सांगू? कारण दुर्बीण लावून दुसरीकडेच बघतंय.

शनिवारी त्याच विमानाच्या काचेला तडा सापडला. सुटा भाग येईपर्यंत ते जागेवरून हलणार नव्हतं. दुर्बीण धावत आला, चेहरा पांढराफटक.

"एकाहत्तरवर अडकलं! आता उरलेले एकोणतीस भरणार कधी?"

"अहो, त्या इंजिनाचं एवढं काय घेऊन बसलात?" मी चिडले. डोळ्यांत पाणीच आलं. "मला विचारलं होतं ते विसरलात?"

"विसरेन कसा? तुम्हीच शंभर तास मागितलेत ना?"

"मग?"

"मग... मोजतोय."

मी कपाळाला हात लावला. "अहो, घड्याळाचे तास!"

"घड्याळाचे?" तो पार गोंधळला. "पण तुम्ही तर रेकॉर्डवाल्या. मला वाटलं, इंजिन चालेल तेच तास. डावं धरलं, कारण आपण तिथेच..." त्याचे कान लाल झाले होते.

मला हसू येत होतं आणि रडूही. हा माणूस तीन आठवडे माझ्या एका शब्दासाठी आभाळाकडे डोळे लावून बसला होता!

"उभ्या इंजिनाची तपासणी टळते का?" मी विचारलं.

"नाही. तासांसोबत महिन्यांचीही मुदत असते. जी आधी भरेल ती."

"माझी भरली. उद्या घरी या, आईला भेटायला. ते लोक यायच्या आत."

"म्हणजे... हो?"

"हो."

तो वहीकडे बघत राहिला. "पण अजून एकोणतीस तास बाकी आहेत..."

"लवकर केलेलं चालतं," मी वही मिटून त्याच्या खिशात ठेवली. "उशीर चालत नाही."