कुसुमताईंचं मनगट

"ताई, तुमचाच हात लावून मी तुम्हाला हरवलं, तर जिंकलं कोण?"

लावण्याने माईकवर हे विचारलं आणि शहाद्याच्या बाजार मैदानावरची दोन हजार माणसं एकदम गप्प झाली. मागून निकिताचं फिस्सकन हसणं तेवढं ऐकू आलं. पैज मैत्रिणींनीच लावली होती. "विचारून दाखव! तुझी टाप आहे का?" मग काय, लावण्याने विचारलं. आठवीपर्यंत हजेरीसुद्धा पुटपुटत देणारी हीच ती, हे कुणाला खरं वाटलं नसतं.

समोर कुसुम वळवी उभ्या होत्या. साक्षात! गोल्फच्या जगज्जेत्या. त्या येण्याआधी गोल्फ म्हणजे उंच कुंपणाआडचा खेळ, बाहेर शिट्टी मारून हाकलणारा रखवालदार. कुसुमताई मात्र डोक्याला रुमाल बांधून खेळायच्या, चेंडूमागे "ए बाई, जा की आत!" असं ओरडायच्या आणि शेवटच्या भोकाला गोट्यांतल्यासारखी 'गल' म्हणायच्या. हिरवळ कशाला हवी, कापूस वेचलेलं शेतही चालतं, असं त्यांनी जिंकल्या दिवशीच सांगून टाकलं. पोरं वेडी झाली. आणि मग आली हातछाप.

हातछाप म्हणजे मनगटापासून खांद्यापर्यंत चढवायची पातळ बाही. काठी फिरवताना कुसुमताईंच्या मेंदूकडून स्नायूंना जाणारे आदेश तिच्यात नोंदवलेले होते. हलक्या विद्युतसंकेतांनी बाही तेच आदेश घालणाऱ्याच्या स्नायूंना द्यायची, की पहिल्याच दिवशी फटका झकास! लावण्या बाही घालून दोन वर्षं खेळत होती. तालुक्यात पहिली आली होती. उद्या राज्याच्या संघाची निवड होती. त्यात नाव लागलं की पुण्याचं वसतिगृह, प्रशिक्षण, सगळंच.

कुसुमताई मंचावरून खाली उतरल्या.

"बाही काढ. आणि मार एक."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"मग काय घरी जाऊन मारणार? मार गं!"

लावण्याने बाही उतरवली. हात उघडा, परका वाटला. ती चेंडूपाशी गेली आणि न ठरवताच पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली. काठीचं टोक उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठीचं, ते तिने उलटं फिरवलं.

"अरे, उलटी उभी राहिली ही!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"डावखुरी आहेस?" कुसुमताईंनी विचारलं.

"होते. बाही उजवीच मिळते ना."

चेंडू जेमतेम वीस पावलं गेला, तोही तिरका, थेट भज्यांच्या गाडीखाली. लोक खो खो हसले. निकिता तर खालीच बसली. कुसुमताई मात्र लावण्याकडेच बघत राहिल्या.

"चेंडू कुठे जाणार हे मला आधी कळलं नाही, असा पाच वर्षांतला हा पहिला फटका," त्या हळूच म्हणाल्या. "रोज शेकडो पोरं बघते मी. फटक्याच्या शेवटी सगळ्यांचं मनगट आत वळतं. माझं हाड मोडून वाकडं जुळलं, म्हणून मला मनगट वळवावं लागतं गं. तुमचं कशाला वळावं?"

"मग बाही बंद का नाही करत?" हा प्रश्न पैजेत नव्हता.

"ती नसती, तर ही दोन हजार माणसं कुंपणाच्या आत आली असती?"

लावण्याने भज्यांच्या गाडीखालून चेंडू काढून आणला.

घरी जाताना निकिताने टाटा केला आणि बाही नसतानाही तिचं मनगट आत वळलं. संध्याकाळी पप्पांनी ताटात वरण वाढलं, त्यांचंही वळलं. हौस म्हणून तेही रविवारी बाही घालायचे. लावण्याने स्वतःचा उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला. मग उठली. खिडकीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली.

"बस की एका जागी," मम्मी म्हणाली. "उद्याची बॅग भरलीस का?"

"मम्मी, पप्पा, ऐका. उद्या मी बाही घालणार नाही. डाव्या हाताने खेळणार."

पप्पांचा घास हातातच राहिला. "वेड लागलं का तुला? पहिल्याच फेरीत बाहेर पडशील! पुणं जाईल."

"जाऊ दे. परवापासून इथेच खेळेन, रोज सकाळी. शिकायला दोन वर्षं लागतील, कदाचित पाच. पण ठरलंय माझं. माझा हात चेंडू कुठे नेतो ते मला बघायचंय, पप्पा. तुम्हाला नाही बघावंसं वाटत?"